विश्लेषण : हवेतला कार्बन धानाचा की कोळशाचा? ही ओळख पटवणारे हान्स झ्यूस कोण होते?

भंडारा जिल्ह्यातल्या राइस मिलच्या बॉयलरमध्ये धानाचे तूस जळते, तर शेजारच्या नागपूर आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या औष्णिक वीज केंद्रांत कोळसा. दोन्ही धुराड्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू रंगहीन आणि गंधहीन असल्याने हवेत मिसळल्यावर त्यातला कुठला कण तुसाचा आणि कुठला कोळशाचा, हे सांगणे अशक्य वाटते. पण ते सांगता येते. कार्बनच्या अणूंमध्येच त्याच्या उगमाची खूण असते आणि ती खूण हवेत, खरे तर झाडांच्या लाकडात, पहिल्यांदा मोजून दाखवली ती हान्स झ्यूस या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने. वातावरणात वाढलेला कार्बन डायऑक्साइड माणसाच्या इंधनातून आला की निसर्गातून, या वादाचा निकाल आजही मुख्यतः त्यांनी दाखवलेल्या वाटेनेच लागतो. ही वाट त्यांना कशी सापडली आणि त्यांच्या घराण्याचे विदर्भाच्या मातीशी काय नाते आहे, ते समजून घेऊ.

झ्यूस घराण्याचा आणि गोंडवनाचा संबंध काय?

हान्स यांचे आजोबा एडुआर्ड झ्यूस (१८३१-१९१४) हे व्हिएन्ना विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. व्हिएन्ना शहराला डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी आणणाऱ्या योजनेचा पाठपुरावा त्यांनीच केला होता. पृथ्वीच्या रचनेवर त्यांनी अनेक खंडांचा ग्रंथ लिहिला. १८८५ मध्ये या ग्रंथात त्यांनी एका प्राचीन महाखंडाला ‘गोंडवनलँड’ असे नाव दिले.

हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून आले आहे. भारतातल्या ब्रिटिश भूगर्भशास्त्रज्ञांनी इथल्या कोळसा असलेल्या खडकांना आधीच ‘गोंडवन’ म्हटले होते. त्या खडकांत ग्लॉसॉप्टेरिस या नामशेष वनस्पतीच्या पानांचे ठसे सापडतात. तसेच ठसे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतही मिळतात. त्यावरून हे भूभाग कधी काळी जोडलेले असावेत, असे एडुआर्ड झ्यूस यांनी मांडले. मधली जमीन समुद्रात बुडाली असावी, हा त्यांचा तर्क पुढे मागे पडला. खंड सरकतात, हे सिद्ध झाले. नाव मात्र टिकले.

भंडारा जिल्हा याच जुन्या गोंड मुलखाचा भाग आहे. तुमसरजवळचा आंबागड किल्ला देवगडच्या गोंड राजवटीतला आहे. जिल्ह्याची ओळख धान, तलाव आणि मँगनीजची असली, तरी पवनीपासून पश्चिमेला गेले की उमरेडच्या कोळसा खाणी लागतात. तिथला कोळसा सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या वनस्पतींचा आहे. भारतातले कोळशाचे जवळजवळ सर्व साठे याच गोंडवन खडकांतले आहेत. आजोबांनी ज्या खडकांच्या नावावरून महाखंडाचे नामकरण केले, तशा खडकांतले इंधन जाळल्यावर हवेत काय बदलते, याचा छडा नातवाने लावला.

हान्स झ्यूस यांची सुरुवात कुठे झाली?

हान्स यांचा जन्म १६ डिसेंबर १९०९ रोजी व्हिएन्नात झाला. वडील फ्रान्झ एडुआर्ड हेही व्हिएन्ना विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. घरात दोन पिढ्या खडकांचा अभ्यास चालू असताना हान्स यांनी रसायनशास्त्र निवडले. १९३० च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी व्हिएन्ना विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली.

त्या काळात समस्थानिकांचा अभ्यास हे नवे क्षेत्र होते. एकाच मूलद्रव्याचे, पण वेगवेगळ्या वजनाचे अणू म्हणजे समस्थानिके. रासायनिक वागणूक जवळपास सारखी, वजनात मात्र थोडा फरक. हायड्रोजनचे जड समस्थानिक १९३१ मध्ये अमेरिकेत हॅरॉल्ड युरी यांनी शोधले होते. झ्यूस यांनी जड हायड्रोजन आणि जड पाणी यांवर काम सुरू केले आणि त्यासाठी ते जर्मनीत हॅम्बुर्गला, पाउल हार्टेक यांच्या प्रयोगशाळेत गेले.

युद्धकाळात त्यांनी काय केले?

त्यांच्या चरित्रातला हा अवघड भाग आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत अणुऊर्जेवर संशोधन करणाऱ्या गटात हार्टेक आणि झ्यूस होते. अणुभट्टीसाठी जड पाणी लागणार होते आणि ते मोठ्या प्रमाणावर तयार करणारा कारखाना जर्मनीच्या ताब्यातल्या नॉर्वेत, वेमोर्क येथे होता. तिथल्या उत्पादनासाठी झ्यूस सल्लागार म्हणून काम करत होते.

फेब्रुवारी १९४३ मध्ये नॉर्वेजियन कमांडोंनी या कारखान्यातली जड पाण्याची यंत्रणा स्फोटाने उडवली. पुढे तिथे बॉम्बहल्ला झाला आणि १९४४ मध्ये उरलेले जड पाणी नेणारी बोट बुडवण्यात आली. जर्मनीला युद्ध संपेपर्यंत चालती अणुभट्टी उभारता आली नाही. झ्यूस यांच्या ज्ञानाचा पहिला मोठा उपयोग असा नाझी राजवटीच्या प्रकल्पात झाला. समस्थानिके वेगळी करण्याचे आणि मोजण्याचे जे कौशल्य तिथे वापरले गेले, तेच पुढे हवेतला कार्बन ओळखण्याच्या कामी आले.

नोबेलच्या जवळ जाऊन आलेला शोध कोणता?

युद्धानंतर झ्यूस एका वेगळ्याच प्रश्नाकडे वळले. विश्वात काही मूलद्रव्ये मुबलक आणि काही दुर्मीळ का आहेत? उल्कापाषाणांतल्या मूलद्रव्यांचे प्रमाण तपासताना त्यांना दिसले की, अणुकेंद्रातल्या प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनची संख्या ठरावीक असेल, तर ते अणू अधिक स्थिर आणि अधिक मुबलक असतात. २, ८, २०, २८, ५०, ८२ आणि १२६ हे ते आकडे. भौतिकशास्त्रात त्यांना ‘मॅजिक नंबर’ म्हणतात.

या आकड्यांचा उलगडा करणारा निबंध ओटो हाक्सेल, हान्स येन्सेन आणि झ्यूस यांनी १९४९ मध्ये मांडला. त्याच सुमारास अमेरिकेत मारिया गेप्पर्ट-मायर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचल्या होत्या. १९६३ मध्ये या कामासाठी गेप्पर्ट-मायर आणि येन्सेन यांना नोबेल मिळाले. झ्यूस आणि हाक्सेल यांचा त्यात समावेश नव्हता.

१९५० मध्ये झ्यूस अमेरिकेत गेले. शिकागोत युरी यांच्यासोबत त्यांनी विश्वातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा तक्ता तयार केला. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेला हा तक्ता ताऱ्यांमध्ये मूलद्रव्ये कशी तयार होतात, हे शोधणाऱ्यांसाठी पायाभूत ठरला.

कार्बनकडे ते कसे वळले?

शिकागोत तेव्हा विलर्ड लिबी यांचे काम गाजत होते. कार्बनची तीन समस्थानिके निसर्गात आढळतात. कार्बन-१२ सुमारे ९८.९ टक्के आणि कार्बन-१३ सुमारे १.१ टक्के. तिसरे कार्बन-१४ अत्यल्प, म्हणजे हवेतल्या साधारण एक लाख कोटी कार्बन अणूंमागे एक. अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणावर आदळतात, तेव्हा नायट्रोजनपासून कार्बन-१४ तयार होतो. तो किरणोत्सारी असतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो.

झाड जिवंत असेपर्यंत हवेतून कार्बन घेत राहते, त्यामुळे त्याच्यातले कार्बन-१४ चे प्रमाण हवेएवढे असते. झाड मेले की नवा पुरवठा बंद होतो आणि असलेला कार्बन-१४ कमी होत जातो. किती उरला ते मोजले की वय कळते. हीच रेडिओकार्बन कालमापन पद्धत. लिबी यांना तिच्यासाठी १९६० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

लिबी घन कार्बन वापरून मोजणी करत. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाची प्रयोगशाळा सांभाळताना झ्यूस यांनी नमुन्यातल्या कार्बनपासून ॲसिटिलीन वायू तयार करून मोजणी करण्याची पद्धत बसवली. त्यामुळे मोजमाप बरेच नेमके झाले. एखाद-दोन टक्क्यांचा फरकही दिसू लागला आणि तिथेच एक अडचण समोर आली.

झाडांच्या लाकडात काय आढळले?

कालमापनासाठी आधी ‘आज’चे प्रमाण ठरवावे लागते. त्यासाठी नुकतेच वाढलेले लाकूड घ्यायचे, अशी साधी कल्पना होती. झ्यूस यांनी झाडांच्या वेगवेगळ्या वर्षांच्या वाढवळ्यांचे नमुने मोजले. विसाव्या शतकातल्या वळ्यांमध्ये एकोणिसाव्या शतकातल्या वळ्यांपेक्षा कार्बन-१४ कमी निघाला. खरे तर उलट व्हायला हवे होते. जुन्या लाकडातला कार्बन-१४ जास्त वर्षे झिजलेला असतो. ती झीज धरूनही नव्या लाकडातच तूट दिसत होती.

झ्यूस यांनी याचे कारण १९५५ मध्ये मांडले. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होते. कार्बन-१४ दहा वेळा निम्मा झाला, म्हणजे ५७ हजार वर्षे लोटली, की हजारातला एक भाग उरतो. कोट्यवधी वर्षांत काहीच उरत नाही. त्यामुळे कोळसा जाळल्यावर हवेत येणाऱ्या कार्बनमध्ये कार्बन-१४ शून्य असतो. तो हवेत मिसळला की हवेतल्या कार्बन-१४ चे प्रमाण पातळ होते.

सरबताच्या माठात साधे पाणी ओतत गेले, तर सरबताची गोडी कमी होते. गोडी किती उतरली, त्यावरून पाणी किती पडले हे सांगता येते. इथे सरबत म्हणजे हवा आणि साधे पाणी म्हणजे कोळशाचा कार्बन.

औद्योगिक पट्ट्यांजवळच्या झाडांत ही घट जास्त दिसली. पुढे या परिणामाला ‘झ्यूस इफेक्ट’ हे नाव पडले. यामुळे पुरातत्त्वाचा एक नियमही बदलला. आजचे लाकूड प्रमाण म्हणून चालत नाही, हे कळल्यावर १८९० च्या सुमाराच्या लाकडाशी जुळवलेले प्रमाण कालमापनात वापरले जाऊ लागले.

त्यांचा अंदाज पूर्ण बरोबर होता का?

नव्हता. खूण बरोबर ओळखली, पण प्रमाणाचा अंदाज कमी आला. जगभरातली सरासरी घट एक टक्क्याच्या आत असावी, असे त्यांना १९५५ मध्ये वाटले होते. नंतरच्या नेमक्या मोजमापांत १९५० पर्यंतची घट सुमारे २ टक्के निघाली.

१९५५ मध्येच समुद्रवैज्ञानिक रॉजर रेव्हेल यांनी झ्यूस यांना कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत बोलावले. इंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत राहतो की समुद्र शोषून घेतो, हा प्रश्न तेव्हा खुला होता. दोघांनी १९५७ मध्ये लिहिलेल्या निबंधात कार्बन-१४ च्या आधारे हिशेब केला. हवेतला कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरासरी सुमारे दहा वर्षांत समुद्रात जातो, असे त्यातून निघाले. त्यावरून बहुतेक कार्बन समुद्रच घेत असावा, असा त्यांचा कल होता.

पण याच निबंधात रेव्हेल यांनी एक महत्त्वाची बाब नोंदवली होती. समुद्राच्या पाण्यातले रसायनशास्त्र असे आहे की, आत जाणाऱ्या वायूचा बराच भाग पुन्हा बाहेर येतो. त्यामुळे समुद्राची शोषण्याची ताकद वाटते तेवढी नाही. इंधनाचा वापर वाढत गेला, तर पुढच्या दशकांत हवेतले प्रमाण लक्षणीय वाढू शकते, अशी शक्यता त्यांनी मांडली.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, स्क्रिप्सच्याच चार्ल्स कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ येथे रोजची मोजणी सुरू केली. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. औद्योगिक क्रांतीपूर्वी ते २८० च्या आसपास होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. किती वाढले, हे कीलिंग यांच्या आलेखाने दाखवले. वाढ कुठून झाली, हे झ्यूस यांच्या पद्धतीने.

अणुचाचण्यांनी या मोजमापात काय गोंधळ केला?

१९५० आणि १९६० च्या दशकांत अमेरिका, सोव्हिएत रशिया आणि ब्रिटन यांनी वातावरणात अणुबॉम्बच्या चाचण्या केल्या. त्यातून निघालेल्या न्यूट्रॉनमुळे प्रचंड प्रमाणात नवा कार्बन-१४ तयार झाला. १९६३ च्या सुमारास उत्तर गोलार्धाच्या हवेत त्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. माठात कुणीतरी साखरेचे पोतेच रिकामे करावे, तसे. झ्यूस इफेक्ट त्यात झाकला गेला.

१९६३ च्या करारानंतर या देशांच्या वातावरणातल्या चाचण्या थांबल्या. जादा कार्बन-१४ हळूहळू समुद्रात आणि झाडांत मुरला, शिवाय कोळसा-तेलाच्या कार्बनने हवा पातळ होत राहिली. २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर गोलार्धातले प्रमाण पुन्हा औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या पातळीवर आले. आता ते त्याखाली जात आहे.

ज्वालामुखी, जंगल की कोळसा? फरक कसा कळतो?

हवामान बदलावरच्या चर्चेत हा प्रश्न हमखास येतो. ज्वालामुखीतून निघणाऱ्या कार्बनमध्येही कार्बन-१४ नसतो. मग तूट ज्वालामुखीमुळे कशावरून नाही? इथे कार्बन-१३ कामी येतो.

वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलका कार्बन-१२ अधिक घेतात. त्यामुळे त्यांच्यात कार्बन-१३ चे प्रमाण कमी असते. धान, गहू आणि बहुतेक झाडे यांच्यात ते हवेपेक्षा सुमारे २ टक्क्यांनी कमी असते. ज्वारी, मका आणि ऊस यांची प्रकाशसंश्लेषणाची पद्धत वेगळी असल्याने त्यांच्यात ही घट बरीच कमी. कोळसा हाही मूळचा वनस्पतींचाच, म्हणून त्यातही कार्बन-१३ कमी. ज्वालामुखीच्या कार्बनमध्ये मात्र अशी घट नसते. आता तीन उगम शेजारी ठेवून पाहू.

कोळसा आणि तेल : कार्बन-१४ नाही, कार्बन-१३ कमी. जळताना हवेतला ऑक्सिजन खर्च होतो.

जंगलतोड, तणस किंवा तूस : कार्बन-१४ आहे, कार्बन-१३ कमी. ऑक्सिजन खर्च होतो.

ज्वालामुखी : कार्बन-१४ नाही, पण कार्बन-१३ कमी नाही. हवेतला ऑक्सिजन खर्च होत नाही.

प्रत्यक्ष हवेत काय दिसते? कार्बन-१४ पातळ होतो आहे. कार्बन-१३ चे प्रमाण औद्योगिक क्रांतीपासून हजारात सुमारे दोन भागांनी घसरले आहे. ऑक्सिजनही किंचित, पण सातत्याने कमी होतो आहे. तिन्ही खुणा एकत्र जुळतात त्या फक्त कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायूशी. जंगलतोडीचाही वाटा आहे, पण केवळ त्याने कार्बन-१४ ची तूट पडत नाही. ज्वालामुखींचा वार्षिक कार्बन तर माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. कार्बन-१३ आणि कार्बन-१४ यांचा असा एकत्र हिशेब कीलिंग यांनी १९७९ मध्ये मांडला आणि कार्बन-१३ च्या घसरणीलाही झ्यूस यांचेच नाव जोडले.

पाइनच्या वाढवळ्यांचा वाद काय होता?

स्क्रिप्सजवळच ला होया येथे झ्यूस यांनी कार्बन-१४ ची प्रयोगशाळा उभारली. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पहिल्या प्राध्यापकांमध्ये ते होते. कोळशाच्या आधीही हवेतला कार्बन-१४ स्थिर होता का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. कॅलिफोर्नियाच्या उंच डोंगरांतली ब्रिसलकोन पाइनची झाडे चार हजारांहून अधिक वर्षे जगतात. जिवंत झाडे आणि पडलेले जुने ओंडके यांच्या वळ्या जुळवून ॲरिझोना विद्यापीठाच्या वेस्ली फर्ग्युसन यांनी हजारो वर्षांची मालिका तयार केली होती. झ्यूस यांनी त्या वळ्या एकेक करून मोजल्या.

१९६९ मध्ये स्वीडनमधल्या परिषदेत त्यांनी सुमारे सात हजार वर्षे मागे जाणारा आलेख मांडला. तो सरळ नव्हता. त्यात मोठा उतार होता आणि त्यावर लहान-लहान नागमोडी वळणे. ही वळणे सूर्याच्या बदलत्या सक्रियतेमुळे असावीत, असे झ्यूस यांचे मत होते. रेषा त्यांनी गणिती सूत्राने न काढता हाताने काढली होती. त्यामुळे ही वळणे खरी की मोजमापातली चूक, असा आक्षेप अनेकांनी घेतला. पुढे युरोप आणि अमेरिकेतल्या अधिक नेमक्या प्रयोगशाळांत तीच वळणे दिसली आणि झ्यूस बरोबर ठरले.

याचा परिणाम इतिहासावर झाला. दुरुस्त आलेखानुसार पश्चिम युरोपातल्या काही महापाषाणीय दफनांचे वय इजिप्तच्या पिरॅमिडपेक्षाही जुने निघाले. आज जगात कुठल्याही उत्खननातल्या कोळशाचे वय सांगताना अशाच वळ्यांवर आधारलेला दुरुस्ती-आलेख वापरतात.

भारतात आणि महाराष्ट्रात हे काम कोणी केले?

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रेडिओकार्बन प्रयोगशाळा सुरू झाली. पुढे हे काम अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. नागपूर जिल्ह्यातल्या टाकळघाट-खापा आणि नायकुंड या महापाषाणीय स्थळांचा काळ ठरवतानाही रेडिओकार्बनचा आधार मिळाला.

या कामामागचे एक मोठे नाव देवेंद्र लाल (१९२९-२०१२). वाराणसीत जन्मलेले लाल टाटा संस्थेत वैश्विक किरणांवर काम करत होते. या किरणांमुळे तयार होणारे किरणोत्सारी अणू पावसाच्या पाण्यात, समुद्रात आणि खडकांत कसे पोहोचतात, हा त्यांचा विषय होता. लाल आणि झ्यूस यांनी १९६८ मध्ये वातावरण आणि जलावरणातल्या किरणोत्सारितेवर एकत्र आढावा निबंध लिहिला. लाल १९७२ ते १९८३ या काळात अहमदाबादच्या प्रयोगशाळेचे संचालक होते. आज अहमदाबाद आणि दिल्लीतल्या यंत्रणांवर मिलिग्रॅमभर कार्बनमधले कार्बन-१४ चे अणू थेट मोजता येतात.

धानाचे पान हवेची तपासणी करू शकते का?

करू शकते. परदेशात मक्याची पाने आणि गवत गोळा करून कोणत्या भागातल्या हवेत कोळसा-तेलाचा कार्बन किती, याचे नकाशे तयार झाले आहेत. तत्त्व तेच. रोवणीनंतर धानाचे रोप दिवसा जो कार्बन घेते, त्यातून त्याची पाने बनतात. म्हणजे कापणीच्या वेळचे पान खरिपातल्या काही महिन्यांच्या हवेची सरासरी जपून ठेवते.

हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्या बांधीवरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे ४२० भाग आहेत आणि त्यातले ४ भाग जवळच्या कोळशाच्या धुरातले आहेत. मग तिथल्या पानातला कार्बन-१४ दूरच्या स्वच्छ हवेतल्या पानापेक्षा जवळपास १ टक्क्याने कमी भरेल. आजच्या यंत्रांना याहून लहान फरकही कळतो. इंधनात मिसळलेले इथेनॉल खरोखर पिकापासून बनवलेले आहे का, हेही याच पद्धतीने तपासतात.

याचा अर्थ तूस किंवा तणस जाळणे निर्दोष ठरते, असा नाही. त्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसांना घातकच असतात. पाणी साचलेल्या धानाच्या बांधीतून मिथेनही निघतो आणि तो तापमान वाढवणारा वायू आहे. पण कार्बनच्या जमाखर्चात दोन्हींचे स्थान वेगळे आहे. तुसातला कार्बन काही महिन्यांपूर्वी हवेतच होता आणि पुढच्या खरिपात पुन्हा धानात जाऊ शकतो. उमरेडच्या कोळशातला कार्बन किमान २५ कोटी वर्षे या फेऱ्याच्या बाहेर होता. तो जाळला की खात्यात नवी भर पडते. धान पिकवणाऱ्या जिल्ह्याच्या वाट्याला नेमकी किती जबाबदारी येते, हे ठरवताना हा फरक मोलाचा ठरतो.

झ्यूस यांची आठवण आज कशात उरली आहे?

झ्यूस १९७७ मध्ये अध्यापनातून निवृत्त झाले. २० सप्टेंबर १९९३ रोजी ला होया येथे त्यांचे निधन झाले. उल्कापाषाणात सापडलेल्या लोह आणि सिलिकॉनच्या एका खनिजाला त्यांच्या सन्मानार्थ ‘झ्यूसाइट’ नाव देण्यात आले आहे.

त्यांच्या नावाचा परिणाम मात्र वाढतच आहे. २०१५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या हेदर ग्रेव्हन यांच्या अभ्यासात याचे गणित मांडले गेले. इंधनाचा वापर सर्वाधिक वेगाने वाढत राहिला, तर २०५० मध्ये विणलेले सुती कापड रेडिओकार्बनच्या मोजणीत हजार वर्षे जुन्या कापडासारखे दिसेल. २१०० पर्यंत हा फरक दोन हजार वर्षांवर जाईल.

पवनीच्या जगन्नाथ टेकडीवरचा बौद्ध स्तूप दोन हजार वर्षांहून जुना आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी तिथे उत्खनन केले होते. कोळशाचा वापर त्याच गतीने वाढत गेला, तर या शतकाच्या शेवटी पवनीच्या शिवारात कापलेली ताजी तणस आणि त्या स्तूपाच्या काळातला जळका लाकूडफाटा यांच्यात केवळ कार्बन-१४ वरून फरक करणे कठीण होईल. वापर वेळीच कमी झाला, तर ही वेळ येणार नाही. यांपैकी काय घडले, याची नोंद त्या काळातल्या झाडांच्या वळ्यांत आणि धानाच्या पानांत राहील. ती वाचण्याची पद्धत झ्यूस यांनी १९५५ मध्येच दाखवून ठेवली आहे.